जॅझ ऐकायचं तर बोटांवर मोजा

जॅझची ओळख करून घ्यायची म्हटलं की जाणकार मंडळी आधी इतिहास हातात देतात. न्यू ऑर्लिन्स, १९१७ साली निघालेली पहिली जॅझ रेकॉर्ड, शिकागो, हार्लेम, स्विंग, बीबॉप. वाचण्यासारखं आहे सगळं, पण आत्ता नको. इतिहास वाचून कान तयार होत नाही. दुसरा सल्ला असतो, 'नुसतं ऐकत राहा, आपोआप आवडायला लागेल.' याचाही मला फारसा भरवसा वाटत नाही. विलंबित एकताल म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो वर्षभर ख्याल ऐकत राहिला तरी गवई मुखडा घेऊन समेवर आला की शेजारच्याची मान का हलते, हे त्याला उमगेलच असं नाही. कुणीतरी एकदा बोटांवर मात्रा मोजून दाखवाव्या लागतात. जॅझमध्येही मोजण्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

नवखा श्रोता बहुधा एकाच जागी अडतो. सुरुवातीची धून कानाला बरी लागते. मग ट्रम्पेटवाला किंवा सॅक्सोफोनवाला कुठेतरी निघून जातो आणि पाच-सात मिनिटं काही पत्ता लागत नाही. प्रत्यक्षात तो कुठेच गेलेला नसतो. धून जेवढ्या बारांची (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट), तेवढ्याच बारांचं एक आवर्तन असतं. जॅझवाले त्याला कोरस म्हणतात. आधी सगळ्यांनी मिळून धून वाजवायची, मग एकेकाने त्याच आवर्तनात हवे तितके फेरे घेऊन आपलं म्हणणं मांडायचं आणि शेवटी पुन्हा धून. १९२०च्या दशकापासून आजपर्यंतचं बरंचसं जॅझ एवढ्या आराखड्यावर उभं आहे. धून थांबली तरी आवर्तन थांबत नाही, ही एक गोष्ट पक्की धरली की निम्मं काम झालं.

सरावासाठी मी एकच ध्वनिमुद्रण सुचवेन: ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९च्या अल्बममधलं 'फ्रेडी फ्रीलोडर'. लय आरामशीर, धून सोपी, वादक एकाहून एक, आणि आवर्तन बारा बारांचं, म्हणजे साधं ब्लूज. बारात मात्रा चार. 'एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार' असं पहिल्या मात्रेवर बाराचा आकडा म्हणत बारापर्यंत जायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. सुरुवातीला धून दोनदा वाजते, म्हणजे तुम्हाला चोवीस बारांची तालीम मिळते. त्यानंतर विंटन केलीचा पियानो सुरू होतो, आणि खरी परीक्षाही तिथेच. धून गेली, आता मोजणी फक्त तुमच्या बोटांवर. चुकाल. चुकलात तर मागे जाऊन धुनेपासून पुन्हा धरा.

मोजणीला आधार हवा असेल तर घरातली पेटी किंवा कीबोर्ड काढा. या तुकड्याचा षड्ज काळी पाच. पहिले चार बार सूर षड्जावर उभे असतात. मग दोन बार मध्यमावर, म्हणजे काळी दोनवर जातात, आणि दोन बार परत षड्जावर येतात. नवव्या बाराला पंचम, पांढरी चार. दहाव्याला पुन्हा मध्यम. शेवटचे दोन बार नेहमीच्या ब्लूजमध्ये षड्जावर घरी येतात. इथे मात्र माइल्स घरी येऊ देत नाही. तो कोमल निषादावर, काळी चारवर नेऊन थांबवतो, आणि पुढचा फेरा सुरू झाल्यावरच षड्ज मिळतो. एवढे चार सूर जागच्या जागी नुसते धरून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लक्षात येईल की विंटन केली कितीही खेळकरपणे वाजवत असला, तरी तुमची पट्टी बदलते त्याच क्षणी त्याचेही सूर बदलतात. (घरात जुनी एलपी असेल तर सूर किंचित चढा लागेल. ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं यंत्र थोडं मंद चालत होतं, त्यामुळे अल्बमची पहिली बाजू कितीतरी वर्षं चढ्या सुरात विकली गेली. १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं.)

आणि हे मोबाइलच्या स्पीकरवर करू नका. त्यातून डबल बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि जॅझमध्ये कुठल्या बारात आहोत हे सांगणारा माणूस बेसवालाच असतो. इथे तो पॉल चेंबर्स आहे. चारही मात्रांवर एकेक सूर टाकत, जिना चढल्या-उतरल्यासारखा तो चालत राहतो. हेडफोन लावा आणि एक संपूर्ण फेरी फक्त त्याच्या मागे जा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन कानावर पडतील तेवढे पडू द्या. नवख्याला याहून जास्त फायद्याचा व्यायाम मला तरी माहीत नाही.

यानंतर कुठे वादकांची तुलना करायला अर्थ आहे. केलीनंतर माइल्स येतो. तो दोन शब्द बोलून थांबतो आणि त्या थांबण्यात मागचा पियानो हळूच भर घालतो. त्याच्यानंतर जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन. याला थांबणं माहीत नाही, बारांच्या सीमा ओलांडून लांबलचक ताना घेत तो पुढे जातो. मग कॅननबॉल अ‍ॅडरलीचा आल्टो, खट्याळ आणि ब्लूजच्या मातीत लोळलेला. आवर्तन तेच, सुरांचा पायाही तोच, आणि तीन स्वभाव. आवडता निवडायची घाई नको. मला सुरुवातीला कॅननबॉल आवडायचा, आता माइल्स आवडतो. पुढे कदाचित पुन्हा बदलेल.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला आवर्तन आणि उत्स्फूर्त विस्तार या दोन गोष्टी नव्या नाहीत. हे भांडवल मोठं आहे. पण आपल्या काही सवयी इथे अंगाशी येतात. पहिली सवय समेची. ख्यालात सम गाठण्यासाठी सारी धडपड असते. जॅझमध्ये नव्या आवर्तनाची पहिली मात्रा पुष्कळदा गुपचूप निघून जाते. चांगला वादक आपलं वाक्य मुद्दाम अकराव्या बारात सुरू करून पुढच्या फेऱ्याच्या दुसऱ्या बारात संपवतो. समेची वाट पाहत बसाल तर निराश व्हाल. मोजत असाल तर त्याची हीच चलाखी पकडता येईल.

दुसरी सवय टाळीची. आपला हात पहिल्या मात्रेवर पडतो. जॅझमध्ये ड्रमवाला पायाने हायहॅट, म्हणजे झांजांची जोडी, मिटतो तो दोन आणि चारवर, आणि टाळी द्यायचीच तर ती त्याच्याबरोबर द्यायची. डोलण्याची ती जी खास चाल आहे, जिला स्विंग म्हणतात, ती बरीचशी या दोन-चारवर आणि मात्रेच्या असमान अर्ध्यांवर अवलंबून असते. पहिला अर्धा लांब, दुसरा आखूड. मोठ्या झांजेवर ऐका: टिंग, टिंग-ग-टिंग, टिंग-ग-टिंग.

तिसरी सवय सगळ्यात खोलवरची, कारण ती तंबोऱ्याने लावलेली आहे. आपल्या कानात षड्ज अचल असतो आणि प्रत्येक सूर आपण त्याच्याशी ताडून पाहतो. जॅझमध्ये पायाच सरकत राहतो. पुन्हा पेटीकडे या. पांढरी एकचा षड्ज धरून सा-ग-प एकदम दाबा. आता गंधार तसाच दाबून ठेवा आणि बाकीची बोटं उचलून ध-सा-ग वाजवा. गंधाराची पट्टी तुम्ही हलवलेली नाही, तरी तोच गंधार आता वेगळा, काहीसा उदास ऐकू येतो, कारण त्याच्याखालची जमीन बदलली. जॅझ वादक सतत हेच करत असतो: पुढच्या क्षणी खाली कोणते सूर येणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो त्यांच्या बेताने आपला सूर निवडतो. 'बेसूर वाटतंय' अशी नवख्याची तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा कान मागच्याच षड्जावर अडून राहिलेला असतो.

म्हणूनच दुसरा तुकडा त्याच अल्बममधला घ्यावा, 'सो व्हॉट'. यात सुरांचा पाया फार थोडा हलतो आणि आपल्या कानाला चटकन सापडतो. आवर्तन बत्तीस बारांचं. पहिले सोळा बार पांढरी दोनच्या षड्जावर, आणि स्वरसप्तक कोणतं? काफी थाटाचं. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. मधले आठ बार हाच काफी उचलून काळी दोनवर ठेवलेला, शेवटचे आठ पुन्हा पांढरी दोनवर. त्या मधल्या आठ बारांत सगळं अर्ध्या सुराने वर चढतं तो क्षण काफी ऐकलेल्या माणसाला चुकणं अवघड आहे. धूनही पाहा कशी आहे: बेस प्रश्न विचारतो आणि आधी पियानो, मग फुंकवाद्यं दोन सुरांत उत्तर देतात. त्यानंतर माइल्स, कोल्ट्रेन, कॅननबॉल प्रत्येकी दोन आवर्तनं घेतात आणि इथे पियानोवर असलेला बिल एव्हान्स एक. म्हणजे कुणाचं वादन कुठे संपणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल. माइल्स सुरू होतो तिथे ड्रमवाल्या जिमी कॉबने झांजेवर दिलेला एक ठोका आहे. कितीदा ऐकला तरी माझं तिथे लक्ष जातंच.

रागदारीच्या श्रोत्याला बढत आवडते. तिचा जॅझमधला नमुना म्हणजे सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सचं 'सेंट थॉमस', १९५६चं. सोळा बारांची नाचरी कॅलिप्सो धून. ती संपली की रोलिन्स दोन सुरांचा एक चिमुकला तुकडा घेतो आणि तोच फिरवत, वाढवत, उलटसुलट करत बसतो. वेगळं काही वाजवायची त्याला घाईच नसते. पुढे मॅक्स रोचचा एकट्याचा ड्रम आहे. एकट्याचा ड्रम म्हणजे पाणी पिऊन यायची वेळ, असं समजणाऱ्यांनी तिथे सोळा बारांची धून मनातल्या मनात गुणगुणत राहावं. रोचही ती विसरलेला नसतो. या रोलिन्सचा मुंबईशी थेट संबंध आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी तो वाजवणं बाजूला ठेवून पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा पुन्हा आला तो सॅक्सोफोन घेऊन.

मग एकच धून निरनिराळ्या हातांत ऐकावी. 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे गाणं आपल्याकडे 'द साउंड ऑफ म्युझिक' या १९६५च्या चित्रपटामुळे घरोघरी पोचलेलं आहे. पण ते मूळचं १९५९च्या संगीत नाटकातलं, आणि कोल्ट्रेनने ते चित्रपटाच्या आधीच, १९६०मध्ये, सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवून ठेवलं होतं. जवळपास चौदा मिनिटं, तीन-तीन मात्रांच्या चालीत. इथे एक गोष्ट मुद्दाम ऐका. मूळ गाण्यातले सुरांचे बदल त्याने विस्ताराच्या वेळी जवळजवळ काढून टाकले आहेत. मॅकॉय टायनरचा पियानो त्याच दोन जागांवर झुलत राहतो आणि वर सॅक्सोफोन उडतो. तंबोऱ्याच्या कानाला हे फार लवकर आपलं वाटतं. त्यात नवल नाही. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची खोल ओढ होती, पुढे त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं ते रविशंकरांवरून.

याच्या उलट टोकाला टेनर सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सचं १९३९चं 'बॉडी अँड सोल'. तिथे सुरांचे बदल सगळे शाबूत आहेत, धून मात्र पहिल्या काही बारांनंतर तो सोडूनच देतो. हे ऐकण्याआधी त्या गाण्याची एखादी गायिलेली आवृत्ती पाठ करून घ्यावी, बिली हॉलिडेची घ्या. मग हॉकिन्स काय काय गाळतो ते कळेल.

गाण्यातूनच जॅझमध्ये शिरावं का, असं पुष्कळजण विचारतात. शिरायला हरकत नाही, आपण मुळात गळ्याचे भक्त. फक्त शब्दांत अडकू नका. बिली हॉलिडेचा आवाज लहान, पल्ला तोकडा. ती कमाल करते ती शब्द लयीच्या मागे रेंगाळत ठेवण्यात. एला फिट्झजेराल्ड नेमकी उलट, टवटवीत आणि लयीला घट्ट. १९६०च्या बर्लिनच्या मैफिलीत 'मॅक द नाइफ' गाताना ती शब्द विसरली आणि तिथल्या तिथे नवे जुळवत गात राहिली. तेच ध्वनिमुद्रण नावाजलं गेलं. तिचं निरर्थक अक्षरांवरचं गाणं ऐकताना तराणा आठवेल. आठवू द्या, पण एलाची अक्षरं वाद्यांची नक्कल करतात हे विसरू नका.

जुन्या रेकॉर्डी सगळ्यात शेवटी. लुई आर्मस्ट्राँगचं १९२८चं 'वेस्ट एंड ब्लूज' तीन मिनिटांच्या थोडंसं पुढे जातं, कारण ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकलेल्यांना ही काटकसर परिचयाची आहे. खरखर सहन करा. सुरुवातीला साथीशिवाय एकटा ट्रम्पेट काही सेकंद वाजतो, आणि पुढची कित्येक दशकं ट्रम्पेटवाले त्या काही सेकंदांचा पाठलाग करत राहिले. हेही बारा बारांचं ब्लूज आहे. मोजून पाहा.

मुंबई-गोव्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण त्यातून एक गैरसमजही निघतो. १९३५मध्ये लिओन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. नोटेशन वाचणारे, चर्चच्या शाळांत सुरांचे धडे गिरवलेले गोव्याचे वादक या संगीताकडे ओढले गेले आणि त्यांतले कितीतरी पुढे चित्रपटांच्या स्टुडिओत गेले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट हा सी. रामचंद्रांचा साथीदार, भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) तो आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. ही सगळी हकिकत नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात आहे, ते जरूर वाचा. मात्र 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' आवडतं म्हणजे जॅझ कळतं, असं समजू नका. त्या गाण्यांत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचा रंग आहे, स्विंग आहे. लिहून ठेवलेल्या चौकटीबाहेर जाऊन फेऱ्यामागून फेरे घेण्याची मोकळीक तीन मिनिटांच्या गाण्यात कुठून असणार? वाद्यांचे आवाज तुमच्या कानाला घरचे झालेत, एवढा फायदा मात्र नक्की.

प्रत्यक्ष मैफल मिळाली तर सोडू नका. मुंबईत एनसीपीएत जॅझ होतं. इतर शहरांत ३० एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनाच्या आसपास शोधलं तर काही ना काही सापडतं. शक्यतो ड्रम आणि बेस दिसतील असं बसा. एका वादकाचे फेरे संपून दुसऱ्याकडे सूत्रं जातात तेव्हा टाळ्या वाजवण्याचा रिवाज आहे, तुकडा संपेपर्यंत थांबावं लागत नाही. बेसवाल्याची पाळी आली की बाकीचे आवाज खाली येतात; नेमक्या त्याच वेळी लोक गप्पा मारायला लागतात, तेवढं टाळा. शेवटच्या धुनेच्या आधी पुष्कळदा वादक आणि ड्रमवाला चार-चार बारांची देवघेव करतात. हा सवालजवाब आपल्या श्रोत्याला सांगावा लागत नाही, तो ऐकताच सरसावून बसतो.

काही गोष्टी पुढे ढकलायला हरकत नाही. हॉटेलांच्या लॉबीत आणि 'अभ्यासासाठी जॅझ' असल्या याद्यांत जे मंद वाहत असतं, ते ऐकलं नाही तरी बिघडत नाही. 'टेक फाइव्ह' मात्र ऐका. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं हे १९५९चं वादन पाच मात्रांचं आहे, तीन अधिक दोन. झपतालात दोन अधिक तीन असतात, त्यामुळे हात सुरुवातीला उलटा पडतो. ऑर्नेट कोलमनसारख्यांचं मुक्त जॅझ अवघड, कारण आत्तापर्यंत ज्याच्या आधाराने मोजत आलो ते ठरीव आवर्तनच तिथे बहुधा नसतं. त्याच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये मुंबईच्या आशा पुथलीने दोन गाणी गायली आहेत. कोलमनकडे वळायचं झालं तर त्या दोन गाण्यांपासून वळा, आणि 'फ्रेडी फ्रीलोडर'चे बार बोटं न मोडता मोजता यायला लागल्याशिवाय वळू नका.